नसलेली माणसे दिसू लागतात तेव्हा

मे महिन्यातील नागपूरची एक दुपार डोळ्यांपुढे आणा. खिडकीतला कूलर घरघरतो आहे, ओल्या ताट्यांचा वास खोलीत भरून राहिला आहे आणि उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून पडदे ओढून घेतलेले आहेत. घरातील आजी पलंगावर उशीला टेकून बसल्या आहेत. वय ऐंशीच्या पुढे. काचबिंदूमुळे त्यांची नजर गेल्या काही वर्षांत बरीच मंदावली आहे. वर्तमानपत्र सुटले, सुईत दोरा ओवणे सुटले. अशा वेळी समोरच्या भिंतीपाशी त्यांना पाच-सहा माणसे दिसतात. उंची वीतभर, अंगावर भरजरी कपडे, डोक्याला रंगीत फेटे. ती बोलत नाहीत, आजींकडे पाहतही नाहीत. एकामागून एक चालत जातात आणि कपाटाच्या कडेशी पोहोचली की नाहीशी होतात. खोलीत कोणी नाही, हे आजींना पक्के ठाऊक आहे. तरीही फेट्याचा जरीकाठ त्यांना इतका स्पष्ट दिसतो, जितका समोर उभ्या नातवाचा चेहराही हल्ली दिसत नाही.

त्या हे कोणाला सांगतील? बहुधा कोणालाच नाही. ज्यांचे आयुष्य नागपुरात गेले, त्यांच्या कानांवर 'पागलखाना चौक' हे नाव लहानपणापासून पडलेले आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळचा तो चौक आजही लोकांच्या तोंडी त्याच नावाने आहे आणि घरातल्या चेष्टेतही तो सहज येतो. ऐंशी वर्षांच्या बाईला आपले नाव त्या चौकाशी जोडले जायला नको असते. म्हणून ती गप्प बसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा फेटेवाले येतात, आणि ती एकटीच त्यांच्याकडे पाहत राहते.

हा लेख त्या गप्प बसण्याविषयी आहे. आजींना जे दिसते ते वेड नव्हे, स्मृतिभ्रंशाची सुरुवात असतेच असे नव्हे, आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. वैद्यकात त्याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या तोंडी ते 'चार्ल्स बॉनेट' असे ऐकू येईल. ते का घडते हे समजण्यासाठी मात्र आपण मुळात पाहतो कसे, इथपासून सुरुवात करावी लागते.

डोळा आणि कॅमेरा

शाळेत आपण शिकलो की, डोळा हा कॅमेऱ्यासारखा असतो. भिंग, पडदा, पडद्यावर उमटणारी उलटी प्रतिमा. हे चूक नाही, पण त्याने गोष्ट अर्धीच सांगितली जाते. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून अधिक असतात. त्यांची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूत मात्र तंतू असतात जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे पडद्यावर उमटलेले सारे जसेच्या तसे पुढे जात नाही. डोळा निवडतो, गाळतो, सारांश पाठवतो. त्या सारांशावरून डोक्याच्या मागच्या भागात, दोन्ही हातांची बोटे गुंफून आपण मान टेकवतो साधारण त्याच्या वर, 'दृश्य' तयार होते.

एक प्रयोग घरीच करून पाहा. कोऱ्या कागदावर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन टिकल्या आडव्या रेषेत लावा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने डाव्या टिकलीकडे एकटक पाहत कागद हात लांब करून धरा आणि हळूहळू जवळ आणा. साधारण पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवर आला की उजवीकडची टिकली अदृश्य होते. मज्जातंतू डोळ्यातून जिथून बाहेर पडतो, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. तो अंधबिंदू. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात तो जन्मापासून आहे. पण टिकली नाहीशी झाली तेव्हा तिच्या जागी तुम्हाला काळे भोक दिसले का? नाही. तिथे पांढरा कागदच दिसला. तो कागद डोळ्याने पाहिलेला नव्हता, मेंदूने भोवतालच्या रंगावरून भरून काढला होता.

आणखी एक. आरशासमोर उभे राहून आपल्याच डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. आपले डोळे हललेले तुम्हाला दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ते स्वच्छ दिसतात. डोळे दर सेकंदाला साधारण तीन वेळा उड्या मारतात, आणि त्या उडीच्या क्षणी आलेले पुसट चित्र मेंदू आपल्यापर्यंत पोहोचू देत नाही.

आपल्या पूर्वजांनी याचे उदाहरण फार जुन्या काळी शोधून ठेवले होते: अंधुक प्रकाशात पडलेला दोर साप वाटणे. वेदान्ताने त्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी केला, पण दृष्टीचा अभ्यास करणाऱ्याला त्याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. बातमी अपुरी, भीती तयार, आणि मेंदूने घाईने काढलेला निष्कर्ष. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६० च्या दशकात हेच सांगितले की, पाहणे म्हणजे नकळत काढलेले अनुमान आहे. येथे मृगजळाशी गल्लत करू नये. उन्हाळ्यात वर्धा मार्गावर दुरून जे पाणी चमकते, ते छायाचित्रातही उमटते. तापलेल्या डांबरालगतच्या हवेत प्रकाश वळतो आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर दिसतो, हे पदार्थविज्ञान झाले. त्या चमकीला 'पाणी' हे नाव देणे एवढेच मेंदूचे काम. दोराचे छायाचित्र काढले तर मात्र त्यात दोरच येईल. साप येणार नाही.

हे अनुमान मेंदूला उपजत येत नाही, बरेचसे शिकावे लागते. याचा पुरावा आपल्याच देशातून मिळाला. पवन सिन्हा यांच्या 'प्रकल्प प्रकाश'मध्ये जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्यांपैकी आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. पट्टी निघाल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखायला सांगितली असता त्यांना ते जमले नाही. डोळा उघडला होता, पण दिसणाऱ्या आकाराचा अर्थ लागत नव्हता. काही दिवसांतच ते जमू लागले. १६८८ साली विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्रातून विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होते. त्याला सव्वातीनशे वर्षे लागली.

बातमी थांबते, मेंदू थांबत नाही

आता आजींकडे परत येऊ. डोळ्याकडून येणारा मज्जातंतू मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका ठाण्यावर थांबतो आणि तिथून बातमी मागच्या भागाकडे जाते. गंमत अशी की, त्या ठाण्यावर डोळ्याकडून येणाऱ्या जोडांपेक्षा मेंदूच्या मागच्या भागाकडून उलट येणारे जोड संख्येने कितीतरी अधिक आहेत. पाहण्याच्या कामात मेंदू किती बोलतो आणि डोळा किती, याची यावरून कल्पना यावी. निरोगी नजर असते तोवर डोळ्याची बातमी मेंदूच्या अनुमानांना लगाम घालते. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने झालेला पडद्याचा विकार, उतारवयातील पडद्याच्या मध्यभागाची झीज, यांपैकी कशानेही ती बातमी क्षीण झाली की लगाम सैल पडतो. चेहरे ओळखणाऱ्या पेशी, रंग ओळखणाऱ्या पेशी, नक्षी आणि जाळी ओळखणाऱ्या पेशी काम नसताना आपणहून पेट घेऊ लागतात. लंडनमध्ये डॉमिनिक फिच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा व्यक्तींना नेमके भास होत असताना त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. रंग दिसत होते तेव्हा रंगाचा भाग सक्रिय होता, चेहरे दिसत होते तेव्हा चेहऱ्यांचा. आजी 'आठवत' नव्हत्या, 'कल्पना करत' नव्हत्या. मेंदूच्या दृष्टीने पाहायचे तर त्या खरोखर पाहत होत्या.

म्हणूनच ज्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली, त्यांना सहसा हा अनुभव येत नाही. मेंदूकडे चित्रांचा साठाच नसतो. विदर्भाने प्रज्ञाचक्षू म्हणून गौरवलेले गुलाबराव महाराज वर्षाचे होण्याआधीच अंध झाले होते. त्यांच्या मेंदूने जे जग उभे केले ते नाद, स्पर्श आणि शब्द यांचे होते. तो निराळाच विषय आहे. आपल्या आजींनी मात्र सत्तर वर्षे डोळे भरून जग पाहिलेले असते.

ज्यांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते ते शार्ल बोने हे जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ. कपाशीवर पडणारा मावा विदर्भाच्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या मावा वर्गातील कीड नराशिवायही पिले देते, हे तरुण वयात दाखवून देणारे तेच बोने. १७६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी आपल्या आजोबांची हकीकत नोंदवली. आजोबा शार्ल ल्युलँ त्या सुमारास नव्वदीला टेकले होते, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया होऊनही नजर अधूच होती, आणि बुद्धी मात्र लख्ख. त्यांना माणसे दिसत, पक्षी दिसत, गाड्या दिसत, इमारती दिसत. त्या डोळ्यांदेखत मोठ्या होत आणि विरून जात. हे खरे नाही याची त्यांना पूर्ण जाणीव होती आणि त्याची त्यांना मौज वाटे. नातवाने ऐकून घेतले, हसण्यावारी नेले नाही, लिहून ठेवले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

दोनशे वर्षांनंतरही ऐकून घेणारे नातू दुर्मीळच होते. नेदरलँड्समध्ये अधू नजरेच्या ५०५ व्यक्तींची पाहणी झाली आणि १९९६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे नऊ जणांमागे एकाला असे भास होत होते, आणि त्यांच्यातील बहुतेकांनी ते डॉक्टरांना कधीच सांगितले नव्हते. ही विकसित देशातील गोष्ट. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात शहरातील सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन संशोधकांच्या सहकार्याने ४,७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले. तिशीपुढच्या गावकऱ्यांचे इतके बारकाईने केलेले नेत्रपरीक्षण आपल्याकडे क्वचित झाले आहे. आपल्याकडे अधू नजरेची मोठी कारणे मोतीबिंदू आणि योग्य नंबरचा चष्मा नसणे, ही आहेत. दोन्ही दूर करता येण्यासारखी. नजर सुधारली की मेंदूला पुन्हा बातमी मिळू लागते आणि अनेकदा भास विरळ होतात. म्हणजे 'आता या वयात कशाला ऑपरेशन' हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी जरा थांबावे.

सुनेने काय म्हणावे, मुलाने काय म्हणावे

या भासांची काही लक्षणे सांगून ठेवतो. ते मूक असतात. माणसे दिसतात पण आवाज येत नाही. ती बहुधा अनोळखी असतात. कधी नुसती जाळी, नक्षी, विटांची भिंत दिसते, तर कधी पूर्ण वेशभूषेतील माणसे, लहान मुले, प्राणी, क्वचित वेडेवाकडे चेहरे. मंद प्रकाशात, निवांत बसल्यावर, काही काम नसताना ते अधिक येतात. पडदे ओढलेली उन्हाळ्यातील दुपार त्यांना म्हणूनच मानवते. दिवंगत यजमान क्षणभर खुर्चीत बसलेले दिसणे, हा विरहातील वेगळा अनुभव. तो याहून निराळा आणि तोही वेड नव्हे.

घरच्यांची पहिली प्रतिक्रिया बहुधा दोन टोकांची असते. एक, "आई, काहीतरीच काय बोलता, तिथे कोणी नाही." दुसरी, समजूत काढण्यासाठी, "हो हो, मलाही दिसताहेत." पहिलीने माणूस कायमचा गप्प होतो, दुसरीने त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो, कारण तिथे कोणी नाही हे त्याला आपल्याआधीच ठाऊक असते. त्यापेक्षा असे म्हणून पाहा: "आई, तुम्हाला दिसतंय हे खरं. तिथे कोणी नाही हेही खरं. तुमचे डोळे थकले आहेत, म्हणून मेंदू स्वतःच चित्रं काढतोय. डॉक्टरांना त्याचं नाव माहीत आहे." एवढे ऐकूनच कित्येकांचा जीव भांड्यात पडतो. या अवस्थेवर हमखास लागू पडणारे औषध नाही, पण नाव कळणे हाच मोठा उपचार ठरतो.

चित्र आले की दिवा लावावा किंवा पडदा सारावा. उठून खोली बदलावी. डोके स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी दहा-पंधरा वेळा न्यावी. पुष्कळदा चित्र मोडते. त्याच्या दिशेने हात पुढे करावा. रेडिओ लावावा, कोणाशी बोलावे. अनेकांचे भास वर्ष-दीड वर्षात आपोआप कमी होतात, काहींचे वर्षानुवर्षे येत-जात राहतात आणि ते त्यांच्याबरोबर राहायला शिकतात. मांत्रिकाकडे नेऊ नये, अंगारे-धुपारे करू नयेत. धूप डोळ्यांनाही त्रासदायक आणि त्याहून अधिक त्रास होतो तो 'आपल्याला बाधा झाली आहे' असे घरानेच मान्य केल्याचा.

तरीही प्रत्येक भास बोने यांच्या नावावर खपवू नये. हा भाग सांभाळ करणाऱ्यांनी नीट वाचावा. चित्रांबरोबर आवाजही येत असतील. माणूस त्यांना खरे मानून वागू लागला असेल, त्यांच्यासाठी चहा टाकत असेल किंवा भिऊन दार लावून घेत असेल. सकाळी स्वच्छ आणि संध्याकाळी भ्रमिष्ट असा चढउतार होत असेल. चाल मंदावली, हात कडक झाले, झोपेत ओरडणे, लाथा झाडणे सुरू झाले असेल, तर तो मेंदूच्या दुसऱ्या आजाराचा इशारा असू शकतो. त्यांतील एका प्रकारच्या स्मृतिभ्रंशात शांत करणाऱ्या काही गोळ्या घातक ठरतात, म्हणून शेजाऱ्याच्या सांगण्यावरून झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी कधीही देऊ नका. दोन दिवसांत अचानक बरळणे सुरू झाले, तर लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, नवे औषध आणि आपल्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी व क्षार कमी होणे, ही कारणे आधी शोधावी लागतात. त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नजर अचानक गेली, अर्धे जग दिसेनासे झाले, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले तर तासभरही वाट पाहू नये.

जाण्याचा क्रम साधा आहे: आधी नेत्रतज्ज्ञ, मग गरज वाटली तर मेंदूविकारतज्ज्ञ. चिंता फार वाढली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी आहे, आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी 'एल्डरलाइन'चा १४५६७. जाण्यापूर्वी एका वहीत टिपून न्यावे: काय दिसले, किती वाजता, उजेड किती होता, किती वेळ टिकले, आवाज होता का, त्या दिवशी कोणती औषधे घेतली होती. तपासणीच्या पाच मिनिटांत ही वही फार कामी येते.

एक जवळचीच गोष्ट सांगून थांबतो, कारण तिने घरोघरी भांडणे होतात. मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेला माणूस कधी कधी डावीकडचे जगच विसरतो. डोळे ठीक असतात, पण डावीकडे लक्ष जातच नाही. ताटातील उजवीकडची भाजी आणि आमटी संपते; डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड तशीच राहते. वाढणारीला वाटते, यांना माझ्या हातची कोशिंबीर आवडत नाही, हे मुद्दाम टाकतात. पुढच्या वेळी न बोलता ताट अर्धे फिरवून पाहा. राहिलेली कोशिंबीर उजवीकडे आली की बहुधा तीही संपते. काही दिवस डावीकडे बसून हाक मारावी, डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवावी आणि 'पट्टी दिसेपर्यंत पाहा, बाबा' असे सांगावे. हीच सवय उपचार करणारेही लावतात. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या घरी दारातील काळे पायपुसणे उचलून ठेवा, त्यांना ते खड्ड्यासारखे दिसते आणि ते ओलांडायला नकार देतात. रात्री आरशावर कापड टाका. न्हाणीघरातील पांढऱ्या फरशीवर पांढरा पाट किंवा पांढरे टमरेल ठेवू नका, रंगीत ठेवा.